अक्कांची गाळणी आणि माझा कोरा कपडा

अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत अख्खा सोलापूर जिल्हा पालथा घाला, माझ्या सुनेच्या थोरल्या बहिणीएवढं चिकट माणूस तुम्हाला सापडायचं नाही. चिकट म्हणजे पैशाला नव्हे. पैसा त्यांच्या हातात टिकत नाही, छत्री टिकत नाही, फोन तर वर्षाला एक रिक्षात राहतो आणि त्या हसत सांगतात, "जाऊ द्या की, कुणाच्या तरी कामाला येईल." घडी न मोडलेली इरकल साडी त्यांनी माझ्या सुनेला उचलून दिली, कारण काय, तर ती नुसतं "रंग छान आहे" म्हणाली. अक्का चिकट आहेत त्या थेंबाला. आता आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं थेंब जपायला इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण आम्ही जपतो तो पाण्याचा थेंब. अक्का सगळेच जपतात. चहाचा, तेलाचा, आमटीचा, शाईचा, खोकल्याच्या औषधाचासुद्धा. तेलाची पिशवी संपली की त्यांच्या स्वयंपाकघरात ती खाटकाकडं बोकड टांगावा तशी बरणीवर उलटी टांगलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी त्या बरणीत बघून असा चेहरा करतात की जणू शेतात विहिरीला पाणी लागलं. "भांड्याला लागलंय म्हणजे गेलं नाही, मामा," त्या मला सांगायच्या. "ते अजून आपलंच असतं."

घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात. वयानं मी पंचवीस वर्षांनी मोठा, तरी मीही अक्काच म्हणतो आणि त्या मला मामा म्हणतात. आमची पहिली गाठ पडली तीच मुळी भांडणानं. पोरासाठी मुलगी बघायला गेलो होतो. चहा झाला. माझ्या बायकोनं रीतीप्रमाणं कपात दोन घोट ठेवले. अक्कांनी तो कप उचलला आणि भर बैठकीत विचारलं, "मामी, हे राहिलं की."

"पुरे झाला," बायको म्हणाली.

"पुरे होणार होता तर आधी सांगायचं, कमी ओतला असता. आता हा कुणाचा?"

आमच्या घरी बोलणं तेलुगूत चालतं आणि भांडण मराठीत. माझ्या थोरल्या भावानं टोपी डोक्यावर घातली आणि मराठीत म्हणाला, "चला, उठा." मीही काही कमी तापट नाही. म्हटलं, "एवढं वाटतं तर तुम्हीच प्या." आणि बाईनं प्यायला की हो! उभ्या उभ्या, दुसऱ्याचा उष्टा चहा. वर कपात घोटभर पाणी घालून, फिरवून तेही प्यायलं. भाऊ टोपी घालून तसाच उभा राहिला. मी मात्र खाली बसलो. म्हटलं, ज्या घरात असलं माणूस आहे तिथली पोरगी सून म्हणून आली तर निदान संसार सांडायची नाही. लग्न ठरलं.

अक्का शिकलेल्या. किती, ते मला विचारू नका, मी चौथीत शाळा सोडली. चिंचोळी एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची सरकारी प्रयोगशाळा होती. शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी कशानं मेल्या ते तिथं तपासायचं. मी चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला. मालकानं माग भंगारात काढले आणि मी घरी बसलो, तेव्हा अक्का आल्या आणि म्हणाल्या, "मामा, घरी बसून मामींचं डोकं खाण्यापेक्षा माझ्याकडं काचेच्या नळ्या धुवायला या."

"मी कारागीर आहे," मी म्हटलं. "धुणीभांडी करत नाही."

"म्हणून तर बोलावते. तुटलेला धागा न बघता बांधणारे हात मला कुठं मिळणार?"

गेलो. आणि तिथं मला कळलं की चहाचा कप ही नुसती रंगीत तालीम होती, खरा खेळ इथं चालायचा. मेलेल्या जनावराच्या आतड्या-काळजाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा यायचा. तो बारीक चिरायचा, छोट्या खलात मीठपाण्याबरोबर चटणीसारखा वाटायचा, आणि तो रस्सा गाळायचा, म्हणजे चोथा वर राहतो आणि पाणी खाली उतरतं. तपासणी त्या पाण्याची. तुकडा पेराएवढा, पाणी चमचाभर, आणि त्यातलं अर्धं गाळणी, खल आणि बत्ता मिळूनच पिणार. अक्कांचं सगळं आयुष्य त्या अर्ध्याच्या मागं लागलेलं होतं. गाळणीची जाळी त्या रुपयाच्या नाण्याएवढी कापायच्या, कारण मोठी जाळी जास्त पिते. ती आधी मीठपाण्यानं ओली करायच्या, कारण कोरड्या जाळीला जास्त तहान असते. रस्सा एकदम ओतायचा नाही, चिमणीला पाजल्यासारखा कडेकडेनं सोडायचा. पिळायचं तर अजिबात नाही, पिळलं की चोथा खाली येतो आणि पाणी गढूळ होतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे खल विसळायचं पाणी त्या सुरुवातीलाच मोजून बाजूला काढून ठेवायच्या. वाटायला तेवढं कमी घ्यायचं आणि शेवटी त्याच पाण्यानं खल, बत्ता, जाळी दोन-दोनदा विसळून तेही गाळून घ्यायचं. म्हणजे माल सगळा येतो आणि पातळही होत नाही. एवढं करून शेवटी वापरलेल्या जाळीचं वजन करायच्या. कशात किती राहिलं ते मोजा घातलेल्या हाताच्या मागं पेनानं लिहायच्या. वापरून झालेल्या चिंधीचं वजन करणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

काम चालू असताना पंखा बंद. वाऱ्यानं थेंब वाळतो म्हणे. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, अंगात कोट, हातात मोजे, तोंडाला पट्टी आणि पंखा बंद! एकदा मी म्हटलं, "अक्का, अशानं पुढचा नमुना माझाच घ्यावा लागेल." त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा मोठा मिळेल की, मामा. मग सांडायची भीती नाही."

त्याच मे महिन्यात बिरू आला. सांगोल्याकडचा मेंढपाळ, साठीच्या आसपासचा, डोक्याला लाल पटका. हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात दोन शिश्या, प्रत्येक शिशीत मेंढीच्या फुप्फुसाचा एकेक तुकडा. तालुक्याच्या डॉक्टरनं काढून दिलेले. मेंढी चुना टाकून पुरलेली, त्यामुळं तिसरा तुकडा मिळायचा प्रश्नच नव्हता.

"बाय, आठ दिसांत नऊ मेंढरं गेली," बिरू म्हणाला. "द्राक्षाच्या बागंच्या कडंला बसवलीती. गवात चांगलं हुतं. डाक्टर म्हन्तोय, साथ आसंल न्हायतर गवतात कायतरी इख आसंल. साथ आसंल तर कळप जागचा हलवू नको, दुसऱ्याच्या मेंढरांत पसरंल. इख आसंल तर आत्ताच्या आत्ता हलीव. आता म्या काय करू? हलवू का बसू?"

"आज किती मेली?"

"सकाळपास्नं येक, तिचंच ह्ये तुकडं. दोन बसल्याती, उठंनात."

अक्कांनी डबा घेतला. "संध्याकाळपर्यंत सांगते," म्हणाल्या. बिरू बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन उकिडवा बसला. शेडच्या दारातून तो दिसायचा, आणि आम्ही त्याला दिसायचो.

अडचण एकच होती. जाळ्या संपल्या होत्या. पुण्याहून यायचं पार्सल तीन दिवस वाटेतच होतं. अक्का कपाटं धुंडाळत होत्या, आणि मी तिथं छाती काढून उभा. म्हटलं, "कपड्यातलं मला सांगता होय? घरी माझ्या ट्रंकेत मागावरच्या शेवटच्या ताग्याचा तुकडा आहे. बारीक सूत, घट्ट वीण. तुमच्या जाळीच्या तोंडात मारेल."

"धुतलेला आहे का?" त्यांनी विचारलं.

"कोरा आहे, अक्का. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. कोऱ्याहून स्वच्छ काय असतं?"

त्यांनी बाहेर बिरूकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आणा."

रिक्षानं गेलो, रिक्षानं आलो. कपडा वाफेच्या भांड्यात घालून जंतू मारले, नाण्याएवढा कापला, मीठपाण्यानं ओला केला. पंखा बंद झाला. पहिला तुकडा वाटून झाला. अक्कांनी रस्सा कडेकडेनं सोडला. आम्ही दोघंही खाली लावलेल्या काचेच्या नळीच्या तोंडाकडं बघत होतो.

काहीच पडेना.

पिठलं थाळीत बसावं तसा रस्सा कपड्यावर बसून राहिला. अक्का थांबल्या. त्यांना थांबता येतं, हा त्यांचा मोठा गुण. मला येत नाही. मी कपड्याची कड चिमटीत धरली आणि माझी बोटं मोज्यांतसुद्धा एकमेकांवरून सरकली. बुळबुळीत. त्याच क्षणी मला कळलं. खळ! मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ चढवतात. चाळीस वर्षं त्या खळीचा वास माझ्या नाकात, केसांत, जेवणात होता. पण विणकर माणसाला खळ दिसतच नाही हो. खळीशिवाय कपड्याला आम्ही कोरा म्हणतच नाही, खळ धुतली की तो वापरलेला. त्या खळीला वाफेनं शिजवून मी छान लापशी करून दिली होती. कपड्याच्या सुतांमधली सगळी घरं लिंपून गेली होती.

कितीतरी वेळानं तीन थेंब उतरले. गढूळ, कांजीसारखे.

आता खरं सांगायला हवं होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "तुमच्या मीठपाण्यातच काहीतरी बिघडलंय," मी म्हटलं.

"असेल," अक्का म्हणाल्या.

त्यांनी कपड्याचं वजन केलं, हातावर आकडा लिहिला, कपडा जाळायच्या डब्यात टाकला. त्या शिव्या देत्या तर मी परत दिल्या असत्या, हिशेब फिटला असता. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर बिरू उठून उभा. "झालं का, दादा?"

"होतंय."

"आनि येक बसलीया म्हनून पोरीचा फोन आला."

मी आत आलो. अक्का दुसरी शिशी हातात धरून नुसत्या बघत होत्या. मी म्हटलं, "थोडंसं पाणी तर आलंय. त्याच्यावरच तपासून टाका की."

"थोड्यातून 'साथ नाही' असं उत्तर आलं, तर ते खरंच 'नाही' आहे की नमुनाच कमी पडला, हे कसं ओळखायचं? मी नाही म्हणणार, हा कळप घेऊन निघणार, आणि वाटेतल्या चार गावांतल्या मेंढ्या मरणार." त्यांनी नळीवरच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथपर्यंत पाणी हवं. दोनदा तपासायला. याच्या खाली मी तोंड उघडणार नाही."

"नाहीतर?"

"नाहीतर पुढची मेंढी मरेपर्यंत थांबायचं. नमुना मिळावा म्हणून तिची वाट बघत बसायचं, मामा."

चाळीस वर्षांची कारागिरी आडवी येत होती. शेवटी म्हटलं, "अक्का, पाण्यात काही नाही. कपड्याला खळ होती."

"माहीत आहे. माझ्याही बोटाला लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"खळ आहे एवढं मला कळलं. ती काढायची कशी, ते मला थोडंच येतं? ते तुमच्याच तोंडून यायला हवं होतं." आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "किती वेळ घेतलात हो!"

मग मी कोट काढून ठेवला. स्टोव्हवर पाणी चढवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि उरलेला कपडा उकळायला घातला. ज्या माणसानं धुणीभांडी करत नाही म्हणून सांगितलं होतं, तो मोरीत बसून कपडा चोळत होता. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. दर पाण्याला अक्का एक सूत-दोन सूत कापून घ्यायच्या आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकायच्या. पिठाचा अंश असला की आयोडीन निळं पडतं, हे मला तेव्हा कळलं.

"निळं," त्या म्हणायच्या.

मी परत चोळायचो.

"अजून निळं."

"अहो, आता हाताला लागत पण नाही."

"तुमच्या हातानं सकाळी पण काही सांगितलं नव्हतं."

चौथ्या पाण्याला राखाडी. पाचव्याला कडेला कुठं कुठं जांभळट. बाहेर बिरू दारापर्यंत येऊन, आमचं हे कपडे धुणं बघून परत लिंबाखाली गेला. त्याला काय वाटलं असेल देव जाणे, इकडं माझी मेंढरं मरत्यात आणि हे धुणं काढून बसलेत! सहाव्या पाण्याला माझ्या बोटांची सालं निघाली. सातव्याला अक्कांनी थेंब टाकला, वाकून बघितलं, उजेडात नेऊन बघितलं. आयोडीनचा स्वतःचा पिवळा रंग, बाकी काही नाही.

"गेली," त्या म्हणाल्या.

साध्या पाण्यातून सोडा पुरता काढला, वाफ दिली, नाण्याएवढा कापला. अक्कांनी चिमट्यानं तो ताणायला घेतला तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. "तिरका ताणू नका. उभं सूत उभं, आडवं सूत आडवं राहू दे. तिरका ताणला की घरं वाकडी होतात, मग कुठून चोथा उतरतो, कुठं पाणी अडतं." त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. मी कपडा सरळ बसवला.

दुसरा तुकडा वाटला. पंखा बंद. पत्रा तापून कडकड वाजत होता. अक्कांनी कडेनं पहिली धार सोडली आणि लगेच, अगदी लगेच, खाली स्वच्छ थेंब पडला. मग दुसरा. मग मोजायचं मी सोडून दिलं. पाणी नळीत चढत गेलं आणि रेघेच्या बरंच खाली येऊन थांबलं. अक्कांनी बाजूला काढलेल्या मीठपाण्यानं खल विसळला. थोडं चढलं. बत्ता विसळला. अजून थोडं. परत खल, परत बत्ता, शेवटी कपड्याची कड. बाजूला काढलेलं पाणी संपलं. पाणी रेघेच्या खाली, केसभर.

"मामा, श्वास तिकडं सोडा," अक्का पुटपुटल्या.

गाळणीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता. मी असतो तर झटकला असता, आणि तो टेबलावर गेला असता. अक्कांनी झटकला नाही. गाळणी हळू तिरकी केली, तिचं टोक नळीच्या आतल्या भिंतीला नुसतं टेकवलं, आणि बाळाला मांडीवरून खाली निजवावं तसा तो थेंब भिंतीवरून घसरत खाली गेला. पाणी रेघेला लागलं. अक्का खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

ते पाणी दोन नळ्यांत निम्मं-निम्मं करून तपासणीच्या यंत्रात लावलं, आणि यंत्रानं चार तास घेतले. त्या चार तासांत अक्का बिरूशेजारी लिंबाखाली बसून होत्या. त्याच्या फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोघांनी खाल्ली. ऊन उतरता उतरता त्या आत गेल्या, दोन्ही नळ्यांचा निकाल बघितला, परत एकदा बघितला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "साथ नाही. हलवा."

"नक्की, बाय?"

"नक्की. आत्ता निघा. बागेतलं गवत परत तोंडाला लावू देऊ नका. औषधाचं डॉक्टरला मी फोन करून सांगते."

बिरूनं पटका सावरला, पोरीला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "उठीव गं सगळी! माळावर घाल!" आमचा निरोप घ्यायचंही त्याला सुचलं नाही. डॉक्टरनं नंतर सांगितलं, बागेवर फवारलेलं मोरचूद गवतावर उतरलं होतं, आणि मेंढरांना ते फार बाधतं. हलवल्यावरही चार-पाच गेली. मग थांबलं. दोनशेच्या वर वाचली.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत मी अक्षर लावून लावून वाचलं. अक्कांनी लिहिलं होतं : 'पहिला नमुना वाया गेला. कपड्याची खळ मी तपासली नाही.' मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं : 'कपडा माझा होता.' आणि सही केली. अक्कांनी ते बघितलं. "शासकीय वही आहे ती, मामा, त्यात असं लिहीत नाहीत," म्हणाल्या. पण खोडलं नाही.

आता ती शेड बंद आहे. अक्कांना एका मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेनं बोलावून घेतलं. जाताना त्यांची छत्री आमच्याकडं राहिली, फोन रिक्षात. रविवारी त्या फोन करतात. आठवण येते वगैरे मी म्हणत नाही, तसलं आपल्याला जमत नाही. मी कामाचं विचारतो. मागच्या रविवारी म्हणाल्या, "इथं सगळं भरपूर आहे, मामा. तयार गाळण्या येतात, पाकीटबंद. तुकडे पण मोठे मोठे असतात. सांडलं, राहिलं, कुणी बघत नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही?"

मागं पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"मी बघते की," त्या म्हणाल्या. "पण दाखवायला कुणी नाही."

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या अक्का? मी म्हटलं, बऱ्या आहेत. आणि उगीचच अंगणात जाऊन उभा राहिलो.